सदुसष्ट विजयांचा हिसाब सहा सामन्यांत कसा बिघडला?

व्यापारात वर्षभराची विक्री आणि वर्षअखेरची शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. वर्षभर दुकानात गर्दी असते, माल उठतो, बाजारात नाव होते. आणि ऐन मोसमाच्या पंधरा दिवसांत असे काही घडते की सगळी मेहनत मातीमोल झाल्यासारखी वाटते. अशा वेळी पेढीचा मालक काय करतो, यावर त्या पेढीचे पुढचे भवितव्य ठरते. घाबरून सगळे मोडून टाकतो, की काय ठेवायचे आणि काय काढायचे हे शांतपणे ठरवतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल संघाचे उदाहरण घेऊ. हा विषय क्रीडापानाचा आहे, व्यापारपानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. पण अमेरिकेत हा खेळ हा मोठा व्यापारच आहे. संघाला मालक असतो, तो संघ विकत घेतो आणि विकतो, खेळाडूंशी करार करतो, तिकिटे विकतो, कर भरतो. नफा-नुकसान सारे आपल्यासारखेच. फरक एवढाच की त्यांचे खतावणीचे पान रोज रात्री साऱ्या जगासमोर उघडे पडते. म्हणून त्यातून शिकणे सोपे जाते.

संघाचे नाव डॅलस मॅव्हरिक्स. गाव टेक्सास राज्यातले डॅलस. मोसम २००६-०७ चा.

धंद्याची रचना

आधी थोडी माहिती. एनबीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संघटनेत ३० संघ आहेत. पूर्वेकडचे १५ आणि पश्चिमेकडचे १५. प्रत्येक संघ ऑक्टोबरअखेर ते एप्रिल या काळात ८२ साखळी सामने खेळतो, ४१ घरच्या मैदानावर आणि ४१ बाहेर. त्यानंतर दोन्ही बाजूंचे आठ-आठ संघ बाद फेरीत जातात. पहिल्या क्रमांकाची गाठ आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, अशी जोडी लागते. दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात आणि आधी चार जिंकणारा पुढे जातो. अशा चार फेऱ्या पार केल्या की अजिंक्यपद.

खेळाडूंच्या पगाराच्या बेरजेवर संघटनेची मर्यादा असते. २००६-०७ साली ती ५ कोटी ३१ लाख डॉलरच्या आसपास होती. काही सवलतींच्या आधारे तिच्या वर जाता येते, पण साडेसहा कोटींच्या आसपासची दुसरी रेषा ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरमागे संघटनेला तेव्हा एक डॉलर कर द्यावा लागत असे. हा कर भरूनही चांगला माल दुकानात ठेवणाऱ्या मोजक्या मालकांत डॅलसचे मालक होते.

त्यांचे नाव मार्क क्युबन. इंटरनेटवरून ध्वनिप्रक्षेपण करणारी आपली कंपनी त्यांनी भागीदारासह १९९९ साली याहूला विकली आणि जानेवारी २००० मध्ये सुमारे २८ कोटी ५० लाख डॉलर मोजून मॅव्हरिक्सचा बहुसंख्य हिस्सा घेतला. त्याआधीची दहा वर्षे हा संघ म्हणजे बसलेली पेढी होती. १९९० नंतर बाद फेरीचे तोंडच त्याने पाहिले नव्हते. क्युबन आले, खर्चाचा हात सैल सोडला आणि २००१ पासून संघ दरवर्षी बाद फेरीत जाऊ लागला. त्याच वर्षी नवे बंदिस्त मैदान उघडले आणि डिसेंबर २००१ पासून तिथली तिकिटे एकेका सामन्याला संपूर्ण विकली जाऊ लागली.

संघाचा मुख्य माल

या पेढीचा मुख्य माल म्हणजे डर्क नोविट्स्की. जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा हा तरुण १९९८ साली वीस वर्षांचा असताना डॅलसला आला. उंची जवळपास सात फूट. इतक्या उंच माणसाने टोपलीजवळ उभे राहावे, ही तोपर्यंतची रीत. नोविट्स्की मात्र लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, सहज चेंडू टाकायचा. पहिल्या वर्षी त्याची थट्टा झाली. पण ज्या माणसाने त्याला आणले होते, त्याचा भरोसा डळमळला नाही.

तो माणूस म्हणजे डॉन नेल्सन. त्या वेळी तेच संघाचे प्रशिक्षक आणि कारभारी होते. त्यांचे चिरंजीव डॉनी नेल्सन हेही याच कार्यालयात होते. बाप-लेकांनी मिळून हा जर्मन मुलगा हेरला, आणला आणि घडवला. मार्च २००५ मध्ये थोरल्या नेल्सननी प्रशिक्षकपद सोडले आणि ते त्यांचे सहायक एव्हरी जॉन्सन यांच्याकडे आले. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण सगळ्या गोष्टीची गाठ इथेच आहे.

जॉन्सन यांनी संघाला शिस्त लावली. २००६ मध्ये डॅलस पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला. मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकले आणि मग लागोपाठ चार गमावले. तोंडाशी आलेला घास गेला. ती सल घेऊन संघ २००६-०७ च्या मोसमात उतरला.

वर्षभराची विक्री

सुरुवात चार पराभवांनी झाली. लोक म्हणाले, मायामीचा धक्का अजून उतरलेला नाही. पण त्यानंतर संघाने लागोपाठ १२ सामने जिंकले. पुढे सलग १३ आणि मग सलग १७. एका मोसमात बारा किंवा अधिक विजयांच्या अशा तीन मालिका म्हणजे विक्रमच. मोसमअखेर खाते उभे राहिले ते ६७ विजय आणि १५ पराभवांचे. नोविट्स्कीची सरासरी सामन्याला २४.६ गुणांची. त्याने टाकलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून जास्त टोपलीत गेले. जोश हॉवर्ड, जेसन टेरी, डेव्हिन हॅरिस, जेरी स्टॅकहाउस अशी माणसे त्याच्या जोडीला होती.

हे ६७ विजय किती मोठे, याचा अंदाज यावरून घ्यावा. डॅलसच्या आधी संघटनेच्या इतिहासात अवघ्या आठ संघांनी एका मोसमात ६७ किंवा अधिक सामने जिंकले होते. त्या आठांपैकी सात संघ त्या वर्षी अजिंक्य ठरले. एकटा १९७३ चा बोस्टन संघ चुकला, आणि तोही अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर. तेव्हा एप्रिल २००७ मध्ये डॅलसबद्दल कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते.

समोरची गिऱ्हाइकी

पश्चिम विभागात आठवा क्रमांक आला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा हा संघ १९९४ नंतर एकदाही बाद फेरीत गेला नव्हता. मार्चच्या सुरुवातीला त्यांचे खाते २६ विजय आणि ३५ पराभव असे होते. तिथून त्यांनी शेवटच्या २१ सामन्यांपैकी १६ जिंकले आणि मोसमाच्या शेवटच्या दिवशी कशीबशी जागा मिळवली. ४२ विजय, ४० पराभव. डॅलसपेक्षा तब्बल २५ विजय कमी.

पण बारकाईने पाहणाऱ्याला दोन गोष्टी दिसल्या असत्या.

पहिली, मोसमात या दोन संघांची तीनदा गाठ पडली आणि तिन्ही वेळा वॉरियर्स जिंकले. डॅलसची १७ विजयांची मालिका मार्चमध्ये थांबवली ती याच संघाने. एप्रिलच्या मध्याला झालेल्या शेवटच्या भेटीच्या वेळी डॅलसचा पहिला क्रमांक पक्का झालेला होता. म्हणून त्यांनी आपल्या मुख्य खेळाडूंवर ताण टाकला नाही. वॉरियर्सनी तो सामना आरामात जिंकला आणि त्या विजयाचा त्यांना आठवी जागा मिळवायला उपयोग झाला. म्हणजे ज्याच्याकडून पुढे मार खायचा होता, त्याला आत यायला डॅलसनेच हातभार लावला.

दुसरी गोष्ट, वॉरियर्सचा प्रशिक्षक कोण? तेच डॉन नेल्सन. २००६ च्या उन्हाळ्यात ते ओकलंडला गेले होते. आणि त्यांचा मुलगा डॉनी अजूनही डॅलसच्या कार्यालयात, संघाच्या कारभारात वरच्या जागेवर!

आपल्याकडे जुना मुनीम पेढी सोडून शेजारच्या दुकानात गेला की मालकाची झोप का उडते? तो काही माल चोरून नेत नाही. पण कोणता माल कुठे कमजोर आहे, कोणते गिऱ्हाईक कशाने दुखावते, घाईच्या वेळी मालक कुठे चुकतो, हे सगळे त्याच्या डोक्यात असते. ते त्याच्याकडून काढून घेता येत नाही. इथे तर मुनिमाने स्वतःच तो माल निवडून आणून उभा केला होता.

पहिल्याच दिवशी मांडणी बदलली

२२ एप्रिल २००७ रोजी डॅलसमध्ये पहिला सामना झाला. आणि या सामन्यातच, माझ्या मते, खरा पेच पडला.

वॉरियर्सचा संघ बुटका आणि चपळ होता. नेल्सन यांची ती जुनी हिकमत. उंच, जड माणसांऐवजी पळणारी माणसे उतरवायची आणि समोरच्याला दमवायचे. त्याला तोंड देण्यासाठी एव्हरी जॉन्सन यांनी आपल्या उंच सेंटर खेळाडूला सुरुवातीच्या पाचांतून वगळले आणि डॅलसचाही संघ बुटका करून उतरवला. वर्षभर ज्या मांडणीवर ६७ सामने जिंकले, ती पहिल्याच दिवशी बदलली. आठव्या क्रमांकाच्या संघासाठी पहिल्या क्रमांकाने आपली चाल सोडली.

निकाल काय? वॉरियर्स ९७, डॅलस ८५. नोविट्स्कीने १६ वेळा चेंडू टाकला, त्यातले फक्त चार टोपलीत गेले. समोरच्या बॅरन डेव्हिसने ३३ गुण केले. आणि खेळाडूंच्या मनात जे बसायचे ते बसले. आपला मालकच आपल्या मालावर विश्वास ठेवत नाही, असे दुकानातल्या पोरांना वाटले की मग गिऱ्हाइकाला पटवायचे कोणी?

दुसरा सामना डॅलसने ११२-९९ असा जिंकला. मग मालिका ओकलंडला गेली. तिथल्या मैदानाचे वातावरण काय सांगावे! वीस हजारांवर माणसे, अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट आणि त्यावर दोनच शब्द, ‘वुई बिलीव्ह’, म्हणजे आमचा विश्वास आहे. ही घोषणा कुठल्या जाहिरात कंपनीची नव्हती. मोसमाच्या अखेरीला एका सामान्य प्रेक्षकाने ती सुरू केली आणि मग संघाने ती उचलून धरली. साध्या सुती शर्टावर दोन शब्द छापले आणि तेरा वर्षांची मरगळ झटकली गेली. कापडाच्या धंद्यातल्या माणसाला हे पाहून बरे वाटणारच.

तिसरा सामना वॉरियर्स १०९-९१, चौथा वॉरियर्स १०३-९९. आता डॅलस एका पराभवावर येऊन ठेपला. पाचव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, शेवटची तीन मिनिटे उरली असताना डॅलस नऊ गुणांनी मागे होता. तेव्हा नोविट्स्की उठला. लांबून दोनदा तीन-तीन गुण मिळवले, समोरच्यांचे चेंडू अडवले आणि संघाने तो सामना ११८-११२ असा ओढून आणला. त्याचे ३० गुण झाले. माल अस्सल होता, यात शंका नाही.

३ मे रोजी ओकलंडला सहावा सामना. तिसऱ्या डावात वॉरियर्सनी असा सपाटा लावला की डॅलसला श्वास घ्यायला उसंत मिळाली नाही. स्टीफन जॅक्सनने ३३ गुण केले. नोविट्स्कीने १३ वेळा चेंडू टाकला, दोनच वेळा टोपलीत गेला. त्याचे एकूण गुण आठ. निकाल १११-८६. मालिका ४-२. सात सामन्यांच्या मालिकेत आठव्या क्रमांकाने पहिल्या क्रमांकाला हरवल्याची संघटनेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. याआधी १९९४ आणि १९९९ साली असे झाले होते, पण तेव्हा पहिली फेरी पाच सामन्यांची असे.

सामना संपल्यावर आतल्या वाटेवर नोविट्स्कीने रागाच्या भरात कचऱ्याचा डबा भिंतीवर भिरकावला. भिंतीला उंचावर भोक पडले. वॉरियर्सनी ते भोक बुजवले नाही, वर्षानुवर्षे तसेच ठेवले.

मुनिमाने काय केले?

नेल्सननी कोणतीही जादू केली नाही. नोविट्स्की उंच आहे, त्याच्यासमोर उंच माणूस उभा केला तर तो मागे सरकून डोक्यावरून चेंडू टाकतो, हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी बुटकी, मजबूत माणसे त्याच्या अंगाला चिकटवली. जॅक्सन त्यात मुख्य. त्याच्या आवडत्या जागी त्याला चेंडूच मिळू द्यायचा नाही. मिळालाच, तर पहिली टप्पी पडण्याआधी दुसरा माणूस धावून यायचा. मोसमात २४.६ गुणांची सरासरी असलेल्या नोविट्स्कीला त्या मालिकेत १९.७ गुणांवर रोखले आणि त्याचे दहातले सहाहून जास्त चेंडू फुकट गेले.

साखळी मोसमात हे चालत नाही. तिथे रोज नवा गाव, नवा संघ. आज हा, परवा तो. कोणालाही एकाच संघासाठी इतकी तयारी करायला वेळ मिळत नाही. किरकोळ गिऱ्हाइकी अशीच असते, दिवसाला शंभर माणसे येतात, कोणी तुमच्या मालाची शिवण उसवून पाहत नाही. बाद फेरी म्हणजे एकच मोठी पार्टी रोज येऊन त्याच थानाचा तोच धागा ओढून पाहणार. किरकोळीत उत्तम चालणारा माल ठोकच्या परीक्षेत उतरेलच असे नाही. दोन्हीची तयारी वेगळी असते.

पैशाचे नुकसान

आता हिसाब पाहू. खेळाडूंचा करारातला पगार साखळी मोसमासाठी असतो. बाद फेरीत त्यांना संघटनेच्या एका ठरावीक निधीतून वाटा मिळतो. म्हणजे मालकाचा मोठा खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि घरच्या मैदानावरचा बाद फेरीचा प्रत्येक सामना ही बहुतांशी आवक असते. तिकिटे, वाहनतळ, खाणेपिणे, टोप्या, शर्ट, सगळे आले. कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर हा ईदचा मोसम.

२००६ साली डॅलसला बाद फेरीत घरच्या मैदानावर ११ सामने मिळाले होते. पहिल्या क्रमांकाच्या संघाला चार फेऱ्यांत मिळून जास्तीत जास्त १६ मिळू शकतात. २००७ साली मिळाले फक्त तीन. वर्षभर पगार दिला, वर कर भरला, आणि मोसम तीन दिवसांत आटोपला. ६७ विजयांच्या संघाला ही आवक!

त्यातही मानहानी अशी की पराभवानंतर बाराव्या दिवशी, १५ मे रोजी, नोविट्स्कीला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवण्यात आले. हा मान मिळवणारा तो पहिला युरोपीय. मतदान बाद फेरीआधीच झालेले असते. १२९ पैकी ८३ मतदारांनी त्याला पहिली पसंती दिली होती. माणूस मोसमाचा राजा ठरला, तेव्हा त्याचा संघ घरी बसलेला होता.

जुन्या मुनिमाशी असलेले भांडणही पैशापर्यंत गेले. नेल्सन यांचे मागचे थकीत मानधन क्युबननी अडवले. त्यांचे म्हणणे असे की, नेल्सननी प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन करार मोडला आणि नोविट्स्कीबद्दलची आतली माहिती वापरली. प्रकरण लवादाकडे गेले. २००८ मध्ये निकाल नेल्सन यांच्या बाजूने लागला आणि सुमारे ६३ लाख डॉलर त्यांना द्यावे लागले. व्यापाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. माणसाच्या डोक्यात असलेल्या तजुर्ब्यावर तुमची मालकी नसते. तो जाणार असेल तर हिसाब वेळेवर चुकता करावा आणि तो निघून गेल्यावर आपली पद्धत बदलावी. त्याच्यावर दावा लावून गेलेले सामने परत येत नाहीत.

घाईची दुरुस्ती

आता मुख्य मुद्दा. क्युबननी पुढे काय केले?

पहिल्या वर्षी त्यांनी धीर धरला, पण पुढच्या मोसमाच्या मध्यावर, फेब्रुवारी २००८ मध्ये, धीर सुटला. न्यू जर्सीकडून जेसन किड हा चौतीस वर्षांचा नामवंत खेळाडू घेतला. किंमत काय मोजली? पंचविशीतला डेव्हिन हॅरिस, उंच सेंटर डिओप, आणखी काही माणसे, २००८ आणि २०१० सालच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडू-निवडीचे हक्क आणि वर रोख तीस लाख डॉलर. दोन्ही बाजूंचे पगार नियमाप्रमाणे जुळेनात, म्हणून खेळ सोडून घरी बसलेल्या कीथ व्हॅन हॉर्नशी कागदावर नवा करार केला आणि त्यालाही सौद्यात घातले. हिसाबाची वही जुळवण्यासाठी घरी बसलेल्या माणसाला काही लाख डॉलर मिळाले. आपल्या बाजारात असे सौदे होतात तेव्हा जाणती माणसे मान हलवतात.

त्या वर्षीही डॅलस पहिल्या फेरीतच न्यू ऑर्लिन्सकडून ४-१ असा हरला. दुसऱ्या दिवशी एव्हरी जॉन्सन यांना निरोप मिळाला. जे प्रशिक्षक दोन वर्षांपूर्वी वर्षाचे सर्वोत्तम ठरले होते, त्यांची ही गत. त्यांच्या जागी रिक कार्लाइल आले. २००९ मध्ये दुसऱ्या फेरीत पराभव. २०१० मध्ये दुसरा क्रमांक असताना सातव्या क्रमांकाच्या सॅन अँटोनिओकडून पहिल्याच फेरीत पराभव. चार वर्षांत तिसऱ्यांदा तेच. आता लोक उघड म्हणू लागले, नोविट्स्की मऊ आहे, मोसमात चमकतो आणि वेळेला विझतो, त्याला विकून टाका.

इथे क्युबन यांचे एक काम दाद देण्यासारखे आहे. त्यांनी आजूबाजूचे सगळे बदलले, पण मूळ माल विकला नाही. २०१० च्या उन्हाळ्यात नोविट्स्कीही मोकळा झाला होता. दुसरीकडे जाणे त्याला शक्य होते. तो राहिला, आणि मिळाले असते त्यापेक्षा कमी पैशांवर राहिला. त्याच वर्षी टायसन चँडलर हा उंच, बचावात निष्णात सेंटर आणला. नोविट्स्कीमागे जो आधार हवा होता, तो मिळाला.

२०११ चा हिसाब

२०१०-११ मध्ये डॅलसचे ५७ विजय झाले, २००७ पेक्षा दहा कमी. बाद फेरीत मात्र त्यांनी पोर्टलंडला ४-२, गतविजेत्या लॉस एंजेलिस लेकर्सना ४-० आणि ओक्लाहोमा सिटीला ४-१ हरवले. अंतिम फेरीत समोर पुन्हा मायामी. तीन सामने झाले तेव्हा डॅलस १-२ ने मागे होता.

चौथ्या सामन्यात कार्लाइलनी सुरुवातीच्या पाचांत बदल केला. संघातला सर्वात बुटका खेळाडू होजे बरेया याला पहिल्यापासून उतरवले. वाचक विचारतील, मग जॉन्सननी २००७ मध्ये बदल केला ती चूक, आणि कार्लाइलनी केला ती हुशारी, असे कसे?

फरक आहे, आणि तो फार महत्त्वाचा आहे. जॉन्सननी समोरच्याचा एकही सामना होण्याआधी, केवळ धास्तीने, वर्षभराची पद्धत मोडली. कार्लाइलनी तीन सामने पाहिले, कुठे कमी पडतो हे मोजले, आणि मग एक जागा बदलली. मूळ मांडणी तशीच ठेवली. डॅलसने पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि १२ जून २०११ रोजी मायामीच्या मैदानावर अजिंक्यपद मिळवले. अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो नोविट्स्कीच.

हा बरेया कोण? २००७ च्या त्या पराभूत संघात बाकाच्या टोकाला बसणारा नवखा, ज्याला निवडीच्या वेळी कोणीही घेतले नव्हते. त्या ६७ विजयांच्या संघातले तिघेच २०११ मध्ये उरले होते, नोविट्स्की, टेरी आणि हा बरेया. आणि घाईघाईने, महागात घेतलेला म्हणून ज्याच्यावर टीका झाली होती, तो किडही अडतिसाव्या वर्षी त्या विजयात होता. सौदा महाग होता, पण माल वाया गेला नाही, एवढे मान्य करावे लागेल.

नोविट्स्कीने डॅलससाठी २१ मोसम खेळून २०१९ मध्ये निवृत्ती घेतली. २०२३ मध्ये त्याचे नाव अमेरिकेच्या बास्केटबॉल सन्मान-दालनात लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस क्युबननी संघाचा बहुसंख्य हिस्सा अॅडेलसन-ड्युमाँ कुटुंबांना विकला. त्या सौद्यात संघाची किंमत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर धरल्याच्या बातम्या आल्या. २८ कोटी ५० लाखांची पेढी २४ वर्षांत बारापट झाली.

आणि वॉरियर्सचे काय? तेही सांगायला हवे. डॅलसला हरवून ते पुढच्याच फेरीत युटाकडून ४-१ हरले. पुढच्या मोसमात त्यांनी ४८ सामने जिंकले, म्हणजे सहा जास्त, तरी पश्चिमेत नववे आले आणि बाद फेरीत पोहोचलेच नाहीत. पुन्हा तिथे जायला त्यांना २०१३ उजाडावे लागले. दरम्यान २०१० मध्ये संघ ४५ कोटी डॉलरला विकला गेला, आणि नव्या मालकांच्या हाताखाली त्याचे दिवस खऱ्या अर्थाने पालटले. २००७ चा मोठा सौदा त्यांना जमला, पण त्या एका मोसमावर पेढी उभी राहिली नाही.

व्यापाऱ्यांनी काय घ्यावे?

मोसम फसला की आपल्या बाजारात दोन टोकाची माणसे दिसतात. एक म्हणतो, नशीब, दुसरे काय, आणि तसाच पुढे चालतो. दुसरा भाऊ-भाऊ वेगळे करतो, जुना कारागीर काढतो, चालू माल पडेल भावात फुंकतो आणि नव्या धंद्यात उडी घेतो. दोघांनाही डॅलसची गोष्ट उपयोगी पडेल.

पुढचा मोसम फसला तर वही उघडून तीन गोष्टी तपासाव्यात. माल खराब होता, की त्या एका गिऱ्हाइकासाठी तो बसला नाही? नुकसान समोरच्याने केले, की त्याच्या धास्तीने आपण आपली पद्धत आधीच सोडली? आणि सगळा धंदा एकाच मालावर, एकाच पार्टीवर किंवा एकाच माणसावर तर उभा नव्हता? पहिल्याचे उत्तर नीट मिळाले तर चांगला माल पडेल भावात जाणार नाही. दुसऱ्याचे मिळाले तर घाईने मांडणी बदलली जाणार नाही. तिसऱ्याचे मिळाले तर मुख्य मालाला आधार देणारा दुसरा माल वेळेत आणता येईल.

डॅलसला ही तिन्ही उत्तरे सापडायला चार वर्षे, दोन प्रशिक्षक आणि कित्येक कोटी डॉलर लागले. आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीत इतकी चुका झेलण्याची ताकद नसते. म्हणून दुसऱ्याच्या खतावणीवरून शिकलेले बरे.